बारा नांद्रुकींचा मांडव

संयोगितानं बांधलेलं कलम वाळत नाही, असं आष्ट्याच्या रस्त्यावरच्या त्या रोपवाटिकेत सगळेच म्हणत. आंबा असो नाहीतर चिकू, तिनं दोन फांद्यांची साल खरवडून त्या एकमेकींना भिडवल्या आणि वरून पट्टी गुंडाळली की दीड-दोन महिन्यांत त्या एकाच आईच्या पोटच्या असल्यासारख्या होत. हे तिला कुणी मुद्दाम बसवून शिकवलं नव्हतं. नवऱ्याचं घर सुटल्यावर ती भावाकडे, हंबीररावाकडे परत आली. दिवसभर भावजयीच्या डोळ्यांसमोर बसून राहणं नको, म्हणून रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या कामाला जाऊ लागली. पिशव्या भरता भरता कलम बांधणाऱ्या म्हाताऱ्याचे हात बघत राहिली. म्हातारा गेला तेव्हा मालकांनी त्याचा चाकू तिच्या हातात दिला.

नवऱ्याचं घर सुटलं, पण नवरा मेला नव्हता. तो फौजेत होता, घर शिराळ्याकडचं. लग्न झाल्यापासून बारा वर्षं तो वर्षाकाठी दोन महिने येई. मग त्यानं पेन्शन घेतली आणि आलाच नाही. जबलपूरला त्यानं दुसरा संसार मांडला होता, हे त्याच्या पलटणीतल्या एकानं दारात येऊन, खाली मान घालून सांगितलं. सासूनं तिला जा म्हटलं नाही, राहा असंही म्हटलं नाही. वर्षभर ती तशीच राहिली आणि एका सकाळी पिशवी घेऊन आष्ट्याच्या गाडीत बसली. तिला काय म्हणावं हेच लोकांना कळत नसे. विधवा म्हणावं तर गळ्यात मंगळसूत्र, सवाशीण म्हणावं तर हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही याची पंचाईत. शेवटी तिनंच कुणाकडे जाणं बंद केलं. झाडांना असले प्रश्न पडत नाहीत, एवढंच तिला बरं वाटे.

सात वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सांगलीहून एक आर्किटेक्ट रोपवाटिकेत आला. नाव पुष्कर, तिशीतला, गावभागातल्या जुन्या घराण्यातला. आला होता कुठल्याशा बंगल्यासाठी रोपं बघायला, पण संयोगिता आंब्याचं भेट कलम बांधत होती तिथं येऊन उभा राहिला तो हललाच नाही. भेट कलमात दोन्ही झाडं आपापल्या मुळांवर उभी असतात. फांदीला फांदी भिडवून बांधायची, दोघींचा जीव एक झाला की मग एकीला मुळाकडून तोडायचं. हे तिनं त्याला सांगितलं, तेव्हा त्यानं विचारलं, तोडलंच नाही तर काय होतं?

“काय व्हायाचं?” ती म्हणाली. “दोन झाडं, एक जीव. ऱ्हात्यात तशीच. आमच्या मळ्याच्या बांधावर दोन उंबर हायत. वाऱ्यानं घासून घासून एक झाल्यात. त्यास्नी कुणी बांधलं न्हाई.”

तो खताच्या पोत्यावर बसला आणि खिशातल्या कागदावर भराभर रेघा मारायला लागला. साताऱ्यात मुलींच्या एका वसतिगृहाच्या अंगणावर छप्पर करायचं काम त्याच्याकडे आलं होतं. दोन इमारतींच्या मधे साठ फूट लांब, चौदा फूट रुंद अंगण. वसतिगृहाच्या ट्रस्टला त्यावर पत्रा हवा होता. मुलींनी तिथं अभ्यासाला बसावं, जेवायला बसावं. त्याला पत्रा नको होता. आधी इमारत बांधायची आणि मग तिच्यावर कुंड्या लटकवायच्या, हे त्याला पटत नसे. तो म्हणत होता, झाडच खांब हवं, झाडच तुळई, झाडच छप्पर. एका बाजूला सहा झाडं, समोर सहा. समोरासमोरच्या फांद्या डोक्यावर एकमेकींत कलम करायच्या, म्हणजे सहा कमानी. शेजारशेजारच्या फांद्याही एकमेकींत गुंतवायच्या. तुटलं तर स्वतःच भरून येईल, दर वर्षी आणखी बळकट होईल असं छप्पर. कुठलं झाड घ्यावं, असं त्यानं तिलाच विचारलं.

नांद्रुकी, ती म्हणाली. वडाच्या जातीची, चिवट, कशाही वाकवा वाकते, सालीला साल लागली की धरून बसते. सातारच्या वाऱ्यापावसात ती कितीतरी वर्षं रस्त्याकडेला उभीच आहे.

किती वर्षं लागतील, असं त्यानं विचारलं. तिनं थोडा विचार केला. भरवसा ठेवण्याजोगं व्हायला आठ वर्षं तरी हवीत, असं सांगितलं.

“लागू देत,” तो म्हणाला.

आजवर तिच्याशी कुणी आठ वर्षांचं बोलणं केलं नव्हतं. जूनमध्ये ती साताऱ्याला गेली. हंबीरराव म्हणाला, झाडं बांधायला एवढ्या लांब कशाला, इथं कमी झाडं हायत? पण त्यानं अडवलं नाही. तिला वाटलं, त्याला जरा हलकंच वाटलं असावं.

वसतिगृहाच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या मोटरीशेजारी तिला एक खोली मिळाली. मनगटाएवढ्या बुंध्याच्या बारा नांद्रुकी तिनं स्वतः निवडून आणल्या, स्वतः खड्ड्यात उभ्या केल्या आणि बांबूच्या कमानी करून त्यांच्या फांद्या त्यावर निजवायला सुरुवात केली. पहिली दोन वर्षं पुष्कर दर गुरुवारी येई. सांगलीहून सकाळी निघे, दिवसभर थांबे. नकाशा उघडून तो सांगे की इथं फांदी सरळ काटकोनात वळायला हवी. ती म्हणे, साहेब, झाडाला काटकोन कळत नाही, त्याला वाकण कळतं. मग तो पेन्सिलीनं रेघ खोडून वाकण काढी. पुस्तकं आणून दाखवी, कुठं लांब मेघालयात लोकांनी झाडांच्या मुळांचे पूल केलेत त्यांची चित्रं दाखवी. तिनं केलेली भाकरी तो अंगणातच बसून खाई आणि खाता खाता तिला विचारत राही. एखादी फांदी कुठल्या बाजूला कलंडेल हे तिला आधीच कसं कळतं, पट्टी केव्हा सैल करायची हे कशावरून ठरवते. या गोष्टी तिच्या हातांना ठाऊक होत्या, तोंडानं त्या कधी सांगाव्या लागल्या नव्हत्या. गुरुवारी सांगायचं म्हणून ती आठवडाभर मनात शब्द जुळवीत बसे. तो प्रेमाबिमाचा मामला नव्हता, वयानं ती त्याच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी होती, आणि तसं काही तिच्या मनातही आलं नव्हतं. पण आठवड्याला एक दिवस कुणीतरी आपलं ऐकतं, याची माणसाला सवय लागते.

एकोणीस साली कृष्णेला महापूर आला. सांगलीत पुष्करचं ऑफिस होतं तिथं छातीपेक्षा वर पाणी होतं, दहा दिवस. कॉम्प्युटर, नकाशे, सगळं गेलं. पूर ओसरल्यावर तो एकदा आला, अंगणात उभा राहिला, फारसं बोलला नाही. मग महिन्यातून एकदा येऊ लागला. पुढच्या मार्चमध्ये सगळीकडे टाळेबंदी झाली. मुली आपापल्या गावी गेल्या, स्वयंपाकघर बंद झालं, रेक्टरबाई वाईला घरी गेल्या. वसतिगृहात संयोगिता एकटी उरली. एकशेवीस खोल्या, सगळ्यांना कुलपं. सकाळी मोटर सुरू केली की तिचा आवाज रिकाम्या जिन्यांतून वर जाई आणि परत येई. सुरुवातीला पुष्करचा रोज फोन येई, मग आठवड्यानं, मग येईना. तो म्हणाला होता की दर महिन्याच्या एक तारखेला फोटो पाठवत जा. ती पाठवू लागली. प्रत्येक झाडाचा एक, असे बारा. सुरुवातीला उत्तर येई – छान, तिसऱ्या कमानीला टेकू द्या, आठवी उजवीकडे फार जाते आहे. मग नुसता अंगठा येई. मग तोही यायचा थांबला. फोटोंखाली दोन निळ्या खुणा मात्र त्याच दिवशी उमटत. त्यानं बघितलंय, एवढं त्या खुणांवरून कळे.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला तिला ताप आला. अठरा दिवस ती खोलीतून बाहेर पडली नाही. भाजीवाला फाटकाशी पिशवी ठेवून जाई, तेवढंच माणूस. उठून अंगणात गेली तर चौथ्या कमानीची पट्टी फांदीत रुतून बसली होती. झाड वाढत असतं, पट्टी वाढत नाही. ती वेळेवर सैल करावी लागते, नाहीतर गळफास बसतो. तिनं पट्टी सोडवली तेव्हा खाली करंगळीएवढी खाच पडली होती. त्या जागी तिनं कितीदा चिंधी बांधली, टेकू दिला, पण ती खाच नीट भरून आलीच नाही.

मुली परत आल्या, नव्या आल्या, जुन्या शिकून गेल्या. दर तीन वर्षांनी सगळे चेहरे बदलत. मुलींना ती माळीणबाई होती. तिचं नाव कुणी विचारलं नाही, आणि विचारण्याचं कुणाला कारणही नव्हतं. कुणी फांद्यांवर ओढण्या वाळत घाले, ती न बोलता काढून ठेवी. झाडं मात्र वाढत राहिली. बुंधे मांडीएवढे झाले. पारंब्या सुटल्या तेव्हा तिनं पोकळ बांबू उभे करून त्यांत माती भरली आणि पारंब्या त्यांतून जमिनीपर्यंत नेल्या. जमिनीत पोचलेली पारंबी बघता बघता खांब होऊन जाई. पाचव्या वर्षी तिनं मधल्या कमानींखालचे बांबू एकेक करून काढले. कमानी हलल्या नाहीत. सहाव्या वर्षी खालून आभाळ दिसेनासं व्हावं इतकं छप्पर दाट झालं. जुलैच्या झडीतही खाली फक्त ठिबकत असे. या सगळ्या वेळी शेजारी उभं राहून बघायला कुणी नव्हतं. ती एक तारखेला फोटो काढी आणि पाठवी.

सातव्या वर्षी, गणपतीनंतर, ट्रस्टचे नवे सचिव नानासो अंगणात आले. कोरेगावकडचे शेतकरी, साठीचे, स्वभावानं सरळ. त्यांनी खुर्ची मागवली, तिलाही बसायला सांगितलं. सांगितलं ते एवढंच, की फरशा मुळांनी उचलल्यात, दोन मुलींच्या पालकांनी तक्रार केली आहे की हे डोक्यावर पडलं तर काय. ट्रस्टला इथं लोखंडी शेड करून वर सौर पॅनेल बसवायचे आहेत. ठराव झाला आहे.

संयोगितानं शेजारच्या बुंध्याला हात लावला. मग म्हणाली की पडणार नाही.

“ताई, तुमी म्हणताय ते मला पटतंय,” नानासो म्हणाले. “पण माझ्या पटण्यावर काय हाय? ज्यानं नकाशा काढला त्याचा कागद आणा. हे किती वजन पेलतं, एवढं लिहून द्या म्हणावं. दिवाळीपत्तुर मी कुऱ्हाड लावू देत न्हाई.”

तिनं पुष्करला फोन लावला. चार दिवस लावला. पाचव्या दिवशी ती सकाळच्या एसटीनं सांगलीला निघाली. कऱ्हाड गेलं, पेठ नाका गेला, इस्लामपूर गेलं. आष्ट्याला गाडी दहा मिनिटं थांबली. रोपवाटिका रस्त्यालाच होती, नवं हिरवं कापड लावलेली. हंबीररावाचं घर तिथून अर्ध्या कोसावर. ती खिडकीशी बसून राहिली, उतरली नाही.

गावभागात घर शोधायला वेळ लागला नाही. पुष्करच्या आईनं, उमाकाकूंनी दार उघडलं. संयोगितानं नाव सांगताच त्या क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या.

“तुम्हीच का त्या झाडांच्या?” त्या म्हणाल्या. “दर महिन्याला तुमचे फोटो येतात. मला दाखवतो तो. बघतो बराच वेळ, आणि मग उठून जातो.”

त्यांनी तिला पाणी दिलं, लाडू दिला. पुष्कर विश्रामबागला दुकानात असतो, पुरानंतर आर्किटेक्टचं काम जवळजवळ सोडल्यासारखंच आहे, हे त्यांनी थोडक्यात सांगितलं आणि रिक्षावाल्याला पत्ता समजावून दिला.

दुकान काचेचं होतं. आत शिरल्यावर समोर आख्खी भिंत हिरवी. काळ्या प्लॅस्टिकच्या कप्प्यांत ओळीनं रोपं लावलेली, मधून बारीक नळ्या फिरवलेल्या. संयोगितानं सवयीनं एका पानाला हात लावला. ते प्लॅस्टिकचं होतं. शेजारचं खरं होतं. त्याच्या शेजारचं पुन्हा प्लॅस्टिकचं. आतून पुष्कर आला. अंगानं भरला होता, कानाशी केस पांढरे झाले होते. तिला बघून तो थबकला आणि मग घाईघाईनं खुर्ची पुढे करू लागला.

ती बसली. तिनं नानासोंचं बोलणं सांगितलं, कागद हवा म्हणून सांगितलं.

“तो आकडा माझ्याकडे नाही, ताई,” तो म्हणाला.

“पुरात गेला व्हय?”

तो काचेबाहेर बघत राहिला. हो म्हणणं त्याला सोपं होतं, आणि तो हो म्हणेल असंच तिला क्षणभर वाटलं.

“पुरात बाकीचं गेलं,” तो म्हणाला. “हा आकडा कधी नव्हताच. झाडांची छतं किती वजन घेतात हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. मला वाटलं, दोन-तीन वर्षं वाढतील, फोटो चांगले येतील, कुठंतरी छापून येईल, मला नाव होईल. पुढं ट्रस्ट पत्रा टाकेलच. आणि तुम्ही परत घरी जाल. तुम्ही इतकी वर्षं तिथं राहाल असं मला वाटलंच नव्हतं. मग फोटो येत गेले. काय उत्तर द्यायचं?”

“आठ वर्षं लागतील म्हणल्यावर तुमी म्हणाला होता, लागू देत.”

तो आठवायला लागला. खरोखरच आठवत होता, कपाळाला आठी घालून.

“असं म्हणालो होतो का मी?” त्यानं विचारलं.

संयोगिताला राग आला नाही. तिला एकदम खूप दमल्यासारखं झालं, चढ संपलाय म्हणून थांबावं आणि पुढे आणखी चढ दिसावा तसं. पुष्कर बोलतच होता. सहीचा कागद देता येणार नाही, उद्या काही झालं तर आपल्यावर येईल. पण तिनं काळजी करू नये, इथं दुकानात चांगलं काम आहे, तिच्यासारखे हात त्याला कुठं मिळणार. ती ऐकत होती. शेवटी उठली आणि म्हणाली, कागदाचं राहू द्या. एकदा बघायला तरी या.

तो लगेच म्हणाला, रविवारी येतो. नक्की येतो.

रविवारी तिनं अंगण झाडून घेतलं. चार भाकऱ्या जास्त केल्या. दुपारी एकपर्यंत तिचं लक्ष फाटकाकडे होतं. त्यानंतर ती स्वतःवरच थोडीशी हसली. एका माणसाची वाट बघण्यात बारा वर्षं गेली होती, दुसऱ्याची बघण्यात सात. तिसऱ्याची बघायला आता वय नव्हतं. तिनं भाकऱ्या फडक्यात बांधून ठेवल्या, त्या तिला दोन दिवस पुरल्या.

सोमवारी ती नानासोंकडे गेली. म्हणाली, कागद मिळत नाही. ज्यानं नकाशा काढला त्यालाच ठाऊक नाही. पण वजन पेलतं की नाही हे कागदाला कशाला विचारायचं, झाडालाच विचारा. शेडवर जेवढं वजन येणार होतं तेवढं टांगा. मोडलं तर मीच कुऱ्हाड आणून देईन.

नानासोंनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. त्यांच्या ओळखीचे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर होते, जयराज साहेब. त्यांनी आधी हसून नको म्हटलं. मग येऊन बघितलं. बघितल्यावर मात्र हसले नाहीत. एकेका कमानीच्या जोडावरून त्यांनी अंगठा फिरवला, पारंब्यांचे खांब हलवून पाहिले, वहीत काही लिहिलं. प्रत्येक कमानीला वाळूची चार पोती, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, असं त्यांनी ठरवलं.

त्या दिवशी मुलींना अंगणात यायला बंदी होती. त्या वरच्या गॅलऱ्यांत दाटीनं उभ्या होत्या. पोती दोरांनी चढवली गेली. सुताचा धागा ताणून जयराज साहेबांनी प्रत्येक कमानीच्या उंचीची खूण करून ठेवली. वजन बसलं तसा सगळा मांडव करकरला. खूप माणसं एकदम उठून बसावीत तसा तो आवाज होता. कमानी खाली आल्या, तीन बोटं, कुठं चार. आणि तिथंच थांबल्या. दहा वाजले, अकरा वाजले. संयोगिता भिंतीला टेकून उभी होती. कुणीतरी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. तिला दुसरं काही सुचत नव्हतं. फक्त हात रिकामे आहेत आणि करण्यासारखं काही नाही, हे जाणवत होतं. तापाचे दिवस सोडले तर सात वर्षांत असा एकही दिवस गेला नव्हता.

अडीचच्या सुमारास चौथ्या कमानीतून टचकन आवाज झाला. गॅलरीत मुली ओरडल्या. जुन्या खाचेच्या जागी वीतभर फट पडली होती आणि तिच्यातून पांढरा चीक खाली ओघळत होता.

“ह्याच्यावरची पोती काढा,” संयोगिता पुढे होऊन म्हणाली. “ही झाडाची चूक न्हाई. ही माझी हाय. तापात पट्टी सोडायची ऱ्हायली होती. बाकीच्यांवर ऱ्हाऊ द्या.”

जयराज साहेबांनी मान हलवली. चौथीवरची पोती उतरवली. बाकीच्या पाच कमानी पाच वाजेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. वजन उतरवल्यावर त्या हळूहळू वर उठू लागल्या. सहा वाजता त्यांनी पुन्हा धागा धरला. खुणेला जेमतेम एक बोट कमी. सकाळपर्यंत तेही भरून येईल, असं संयोगिता म्हणाली आणि सकाळी तसंच झालं होतं. जयराज साहेबांनी दोन पानं लिहून दिली. पाच कमानी निर्धोक, चौथीला लोखंडी पाइपचा टेकू द्यावा, दर वर्षी तपासणी करावी. शेवटी त्यांनी आपली सही केली आणि सहीखाली तारीख घातली. कागद नानासोंच्या हातात देताना ते म्हणाले की चाळीस वर्षं तुळया मोजल्या, वजन उतरवल्यावर परत आपल्या जागेवर जाणारी अशी तुळई फार बघितली नाही.

शेडचा ठराव मागे घेतला गेला. सौर पॅनेल स्वयंपाकघराच्या गच्चीवर गेले. उचललेल्या फरशा काढून तिथं मुरूम घातला. साताऱ्याच्या एका वर्तमानपत्रात आतल्या पानावर फोटो आला, बातमीत ट्रस्टचं नाव होतं आणि ‘वसतिगृहाच्या महिला कर्मचारी’ एवढा उल्लेख होता. संयोगिताला ते रेक्टरबाईंनी दाखवलं. आठवड्यानं पुष्करचा फोन आला. चार वर्षांत पहिल्यांदा फोनवर त्याचं नाव उमटलं, तेव्हा ती चौथ्या कमानीखाली शिडीवर होती. तिनं खाली उतरून घेतला. त्यानं बातमी वाचली होती. खूप बोलला, अभिनंदन केलं, रविवारी जमलं नाही त्याची कारणं सांगितली, आता मात्र येणारच म्हणाला. तिनं उमाकाकूंची चौकशी केली. या म्हणाली, केव्हाही या. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की हा दिवस उजाडला तर काय काय सांगायचं, याची तिनं केवढी तरी जुळवाजुळव करून ठेवली होती, आणि त्यातलं काही एक सांगावंसं वाटलं नाही. ती पुन्हा शिडीवर चढली.

चौथीची फट तिनं पाइपचा टेकू देऊन मिटवली. दोन्ही बाजूंची मेलेली साल खरवडून ओलं लाकूड उघडं केलं आणि नव्यानं पट्टी बांधली. या वेळी भिंतीवर कोळशानं तारीख लिहून ठेवली.

नानासो एकदा सहज म्हणून गेले की आता बांधायचं काही उरलं नाही ताई, पण तुमी ऱ्हावा. पानं झाडायला, पाणी द्यायला माणूस लागणारच. ते चांगल्या मनानंच म्हणाले होते. खरंही होतं. कलम जुळलं की दोन्ही झाडं आपली आपण वाढतात. हंबीररावाचाही फोन आला, घरी ये आता, लय दिवस झालं. दिवाळीला येतेस का, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, बघते. जाणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून तो पुढे ऊस कधी तुटणार ते सांगत बसला.

दिवाळीच्या सुट्टीला मुली गेल्या. रिक्षा आल्या, बॅगा गेल्या, रेक्टरबाईंनी कुलपं लावली आणि किल्ल्या हातात देऊन त्याही वाईला गेल्या. दुपारी अंगणात काही आवाज नव्हता. संयोगिता खोलीत बसली होती, मग उठली. आपली लोखंडी खाट तिनं दारातून आडवी करून बाहेर ओढली, एकदा डोक्याकडची, एकदा पायांकडची बाजू उचलून उचलून मुरमावरून नेली आणि तिसऱ्या कमानीखाली ठेवली. वर पानांत बुलबुलांची एक जोडी काड्या नेत होती. ती खाटेवर उताणी पडली. पानांतून ऊन कुठं खाली येतं ते शोधू लागली. फार थोड्या जागा होत्या. शोधता शोधता तिला झोप लागली आणि ऊन कलेपर्यंत तिला उठवायला कुणी आलं नाही.